मेक्सिको-कॅनडाला जाऊन एच-१बी स्टॅम्पिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की फोन सुरू होतात. भाचीचं लग्न असतं, नाहीतर आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, तिकिटं काढून झालेली असतात आणि मग रात्री साडेअकराला कोणीतरी पासपोर्ट उघडून बघतं तर एच-१बी चा (अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाचा) स्टॅम्प दोन वर्षांपूर्वीच संपलेला. पुढचं वाक्य ठरलेलं, "दादा, मेक्सिकोला जाऊन पटकन करून येऊ का?" मी टेक्सासमध्ये राहतो, एकदा मेक्सिकोत आणि दोनदा मुंबईत स्टॅम्पिंग (म्हणजे पासपोर्टात नवीन व्हिसा लावून घेणं) केलंय. वकील नाहीये. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

स्टॅम्प संपला म्हणजे मी इल्लीगल झालो का?

नाही हो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा म्हणजे नाट्यगृहाचं तिकीट. दारात दाखवलं, आत गेलात, विषय संपला. आत किती वेळ बसायचं ते ठरवतो आय-९४ (कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद), आणि एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ, मंजूर झालं असेल तर त्याचा नवा आय-९४ आय-७९७ च्या, म्हणजे मंजुरीच्या, कागदाच्या खालच्या बाजूला छापलेला असतो (तो खालचा तुकडा लोक कधी बघतच नाहीत). आय-९४ ची तारीख चालू आहे, नोकरी त्याच कंपनीत चालू आहे, तर व्हिसा संपून पाच वर्षं झाली तरी तुम्ही नियमात आहात. अडचण येते ती बाहेर पडून परत आत यायचं असतं तेव्हाच.

मग स्टॅम्पसाठी देशाबाहेरच का जावं लागतं, इथे का नाही देत?

पूर्वी द्यायचे. पासपोर्ट पोस्टाने सेंट लुईसला पाठवायचा, काही आठवड्यांनी नवीन व्हिसा लागून घरी परत. १६ जुलै २००४ पासून ते बंद केलं, कारण व्हिसासाठी बोटांचे ठसे घ्यायचा कायदा आला आणि पोस्टाने बोटं काही पाठवता येत नाहीत. तेव्हापासून ज्यांना भारतात जायला वेळ नाही किंवा तिथे मुलाखतीचे स्लॉट मिळत नाहीत ती सगळी मंडळी कॅनडा आणि मेक्सिकोकडे वळली. टोरोंटो, व्हँकुव्हर, ऑटावा, खाली मेक्सिकोत तिखुआना, सियुदाद हुआरेझ, माटामोरोस, माँटेरे, ही नावं आपल्या लोकांच्या तोंडात बसली ती त्यामुळे. नाहीतर माटामोरोस कुठे आहे हे सदाशिव पेठेतल्या माणसाला कशाला माहीत असेल.

बरं, पण आता जमतं का? सरळ सांगा.

सरळ सांगतो, भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेत राहणारा असाल तर आता जमत नाही असंच धरून चाला.

६ सप्टेंबर २०२५ ला, आम्ही इकडे अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या गडबडीत होतो, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की नॉन-इमिग्रंट व्हिसाची मुलाखत अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशात द्यावी, आणि तेही लगेच लागू. तुमचं नागरिकत्व भारताचं. रहिवास अमेरिकेत, पण अमेरिकेत अर्ज करता येत नाही. म्हणजे फिरून भारतच. हुआरेझला किंवा टोरोंटोला सिस्टिम स्लॉट दाखवते, पैसेही घेते, पण खिडकीवर "तुम्ही इथले रहिवासी आहात का" विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. आणि फी परत मिळत नाही, दुसऱ्या देशात ट्रान्सफरही होत नाही. एच प्रकारच्या व्हिसाची फी जून २०२३ पासून २०५ डॉलर आहे, चौघांचं कुटुंब असेल तर तुम्हीच गुणाकार करा.

यूट्यूबवर "मेक्सिको स्टॅम्पिंग, फक्त चार दिवसांत" असे व्हिडिओ अजून पडलेत, खालची तारीख बघा आधी.

कोणालाच जमत नाही का?

ज्यांच्याकडे कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवास) आहे, किंवा जे खरोखर तिकडे वर्क परमिटवर राहतात, त्यांना कॅनडात करता येतं. मेक्सिकोचंही तसंच. रहिवास कागदावर दाखवावा लागतो. आठ दिवसांचं एअरबीएनबीचं बुकिंग म्हणजे रहिवास नाही, हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय.

अमेरिकेतच रिन्युअल परत सुरू झालंय असं ऐकलं...

एक प्रयोग झाला होता. २९ जानेवारी ते १ एप्रिल २०२४, जास्तीत जास्त २०,००० अर्ज, फक्त एच-१बी, एच-४ (एच-१बी वाल्याच्या बायको-नवऱ्या-मुलांचा व्हिसा) नाही, आणि आधीचा व्हिसा ठरावीक तारखांमध्ये कॅनडातून किंवा भारतातून मिळालेला हवा. भारताच्या बाबतीत ती मुदत होती फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२१, म्हणजे ऐन कोविडात ज्यांना व्हिसा मिळाला ते नशीबवान. प्रयोग चांगला चालला असं लोक सांगतात पण तो तेवढ्यावरच राहिला. त्याच्या भरवशावर तिकीट थांबवू नका.

स्टॅम्प नसताना कॅनडाला किंवा मेक्सिकोला नुसतं फिरून येता येतं म्हणतात, ते काय आहे?

हे मात्र खरं आहे, आणि आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीत नाही. ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. परत नाट्यगृहात चला. मध्यंतरात चहा-बटाटेवडा खायला बाहेर पडलात आणि अर्धं तिकीट खिशात असलं तर डोअरकीपर परत आत सोडतो ना, तसंच हे. फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, ३० दिवस किंवा कमी, आय-९४ ची तारीख चालू हवी, स्टेटस नीट सांभाळलेलं हवं, आणि तिसऱ्या कुठल्या देशात जायचं नाही. एवढं जमलं तर संपलेला व्हिसा परत येण्यापुरता चालू धरतात. एल-१ (कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांचा व्हिसा) वरून एच-१बी वर इथेच बदललात आणि पासपोर्टात जुना एल चाच स्टॅम्प आहे, तरी चालतं.

आम्ही गेल्या खेपेला नायगाराला रेनबो ब्रिजवरून चालत पलीकडे गेलो होतो, बायकोचा स्टॅम्प संपलेला. परत येताना ऑफिसरने पासपोर्ट उलटा-सुलटा केला, म्हणाला हा तर एक्स्पायर आहे, मी म्हटलं रीव्हॅलिडेशन, त्याने वर बघितलं, आत बसवलं. वीस मिनिटं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी इथे लिहीत नाही. मग दुसऱ्या माणसाने आय-७९७ बघितलं, पे-स्लिप मागितलीच नाही, आणि "हॅव अ गुड वन" म्हणून सोडलं.

त्यासाठी कागद कुठले न्यायचे?

मूळ आय-७९७, आय-९४ चं प्रिंटआउट, शेवटच्या तीन पे-स्लिपा, कंपनीचं पत्र, जुना स्टॅम्प असलेला पासपोर्ट (नवीन पासपोर्ट काढला असेल तर दोन्ही). शिवाय नियमाचंच प्रिंट ठेवा, अमेरिकेच्या सरकारी नियमावलीतला २२ सीएफआर ४१.११२, परिच्छेद डी. हे बॉर्डरवरच्या ऑफिसरसाठी नाही, त्याला माहीत असतं. हे विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीसाठी.

कारण खरी अडवणूक तिथे होते. तिला स्क्रीनवर एवढंच दिसतं की भारतीय पासपोर्ट, व्हिसा संपलेला, आणि चुकीचा माणूस विमानात चढवला तर दंड कंपनीला. माझ्या मित्राला मेक्सिकोतून येताना असंच थांबवलं होतं, दीड तास सुपरवायझरची वाट बघत, विमान गेलं, दुसऱ्या दिवशीचं तिकीट स्वतःच्या खिशातून. कॅनडाच्या मोठ्या विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या तिथेच असतं त्यामुळे जरा तरी बरं, मेक्सिकोत तसं नाही. म्हणून माझं मत, रीव्हॅलिडेशनवर जायचं तर गाडीने किंवा चालत जा.

मग रीव्हॅलिडेशन आहेच, तर तिकडे जाऊन स्टॅम्पिंगचा चान्स घेऊन बघू? नाही मिळाला तर तसेच परत येऊ.

नाही!! हे ठळक करून वाचा. तिकडे असताना नवीन व्हिसासाठी अर्ज केलात की रीव्हॅलिडेशनचा हक्क गेला. व्हिसा मिळाला तर ठीक, नाकारला किंवा नुसता लटकला तरी तुम्ही अमेरिकेत परत येऊ शकत नाही, तिकडूनच भारतात जावं लागतं. एप्रिल २००२ च्या आधी चालायचं, नाकारला तरी जुन्या आय-९४ वर परत यायचे लोक. तुमचे जे सीनियर काका सांगतात "अरे आम्ही तर असेच यायचो" ते खोटं बोलत नाहीयेत, ते २००१ चं सांगतायत.

कॅनडा आणि मेक्सिकोत शिरायला वेगळा व्हिसा लागतो का?

कॅनडाला लागतोच. व्हिजिटर व्हिसा, १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५.

मेक्सिकोचं गंमतशीर आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टात असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण तुमचा संपलाय, म्हणजे ती सवलत गेली, आता मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमधून व्हिसा काढा. आय-७९७ दाखवून भागत नाही. कॅनकूनचं रिसॉर्ट बुक करून, मुलांचे स्विमिंगचे कपडे भरून विमानतळावर गेलेली आणि तिथूनच घरी परत आलेली दोन कुटुंबं मला स्वतःला माहीत आहेत. दोघांचेही पैसे गेले.

बहामाची क्रूझ चालेल का?

एच वाल्यांना नाही. आजूबाजूच्या बेटांची सवलत एफ आणि जे वाल्यांना आहे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले. तुमच्यासाठी फक्त कॅनडा आणि मेक्सिको.

आई-बाबांचे सहा महिने संपत आलेत. नायगाराच्या पलीकडे जाऊन आणलं की परत सहा महिने मिळतात ना?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि उत्तर दर उन्हाळ्यात तेच. नाही. कॅनडा-मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर साधारणपणे उरलेल्या तारखेपर्यंतच परत घेतात, घड्याळ शून्यावर येत नाही. वर ऑफिसरला वाटलं की हे म्हातारे इथेच राहायच्या बेतात आहेत तर प्रश्न विचारणार, आणि बाबा भोळेपणाने सांगणार "नातवाला सांभाळायला थांबतोय", झालं. मुदत वाढवायची असेल तर आय-५३९ भरा, आय-९४ संपायच्या आधी, कारण पटेल असं लिहून. नायगारा धबधबा बघायला न्या, पलीकडून तो जास्त छान दिसतोच.

तुमचा मेक्सिकोचा अनुभव सांगा ना.

२०१८ ची गोष्ट, तेव्हा चालत होतं. सीमेवरच्या एका गावात गेलो, नाव नको. गाडी अमेरिकेच्या बाजूला पार्किंगमध्ये ठेवली, बॅग ओढत पूल ओलांडला. पहिल्या दिवशी एका ऑफिसात ठसे आणि फोटो, त्याला तिकडे सीएएस म्हणतात, दुसऱ्या दिवशी कॉन्सुलेटात मुलाखत. आत मोबाइल चालत नाही. समोर एका टपरीवर एक बाई मोबाइल सांभाळायची, झिपलॉकच्या पिशवीत टाकून वर मार्करने नंबर, माझा १७, आणि तोच नंबर लिहिलेला पत्त्यातला एक पत्ता हातात, माझ्याकडे बदाम सत्ती आली होती. पासपोर्ट आत, फोन टपरीवर, आणि माझ्याकडे बदाम सत्ती, एवढ्यावर मी परदेशात उभा.

मुलाखत दोन मिनिटं. कंपनी कुठली, क्लायंट कुठला, काम काय करतोस. मग ऑफिसरने एक रंगीत चिठ्ठी दिली, २२१-जी, क्लायंटचं पत्र आणा. पत्र माझ्या फायलीत होतं, पण ते जुन्या तारखेचं. क्लायंटचा मॅनेजर सुट्टीवर. नऊ दिवस हॉटेलात. बायकोने दिलेलं मेतकूट आणि हॉटेलची केटल, केटलमध्ये भात होतो हे मी तिथे शिकलो. नंतर खालच्या बाईकडून मक्याच्या टॉर्टिया घ्यायला लागलो, गरम असताना वर चुंदा लावला की भाकरीची तहान भागते. दहाव्या दिवशी डीएचएलच्या काउंटरवर पासपोर्ट मिळाला. चार दिवसांची रजा टाकून गेलो होतो.

तेव्हाही मी लोकांना सांगायचो की जा, पण पंधरा दिवसांची तयारी ठेवून जा.

२२१-जी म्हणजे रिजेक्ट का?

तांत्रिकदृष्ट्या नकारच, पण कागद दिले किंवा त्यांची तपासणी संपली की पुढे सरकतो. काहींचं दोन दिवसांत, काहींचं महिनोन्‌महिने. डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये "कधी व्हिसा नाकारला गेलाय का" ला नंतर हो लिहायचं, लपवू नका. आणि २२२-जी हे वेगळं प्रकरण, नंबर शेजारचा आहे म्हणून गोंधळू नका. आय-९४ ची तारीख उलटून राहिलात तर तुमचा व्हिसा आपोआप रद्द होतो, ते २२२-जी. त्यातही १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा. अशा वेळी कुठल्याच पुलावर जायचं नाही, आधी वकील.

म्हणजे भारतातच जायचं. तिथे ड्रॉपबॉक्स आहे ना?

एच-१बी चा ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद जमा करून व्हिसा, २ सप्टेंबर २०२५ पासून गेला. आता मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटला प्रत्यक्ष मुलाखत. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली, प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात, आणि त्यामुळे त्या डिसेंबरच्या भारतातल्या अपॉइंटमेंटा घाऊक भावात मार्च २०२६ किंवा त्याच्याही पुढे ढकलल्या. लोक लग्नाला म्हणून दोन आठवडे गेले आणि तिथेच अडकले, इकडे घराचे हप्ते चालू, मुलांची शाळा चालू. जाण्याआधी कंपनीशी लेखी बोलून ठेवा की लांबलं तर भारतातून काम करता येईल का, कारण पेरोल आणि टॅक्सचं लफडं त्यांना आधीच बघावं लागतं.

एजंट म्हणतो, स्लॉट काढून देतो, लॉगिन द्या.

देऊ नका. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने बॉटने काढलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंटा एका झटक्यात रद्द केल्या आणि त्या अकाउंटांची शेड्यूलिंगची सोयही थांबवली. एजंटचे पैसे तर गेलेच.

ते एक लाख डॉलर मला भरावे लागतील का?

नवीन एच-१बी पिटिशनवर (कंपनी भरते त्या अर्जावर) लावलेले एक लाख डॉलर, २१ सप्टेंबर २०२५ ला, सर्वपित्री अमावास्येच्या मुहूर्तावर, लागू झालं ते. त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत सुटायच्या बेतातली विमानं सोडून लोक उतरले, कोणी भारतातून मिळेल त्या तिकिटाने धावत आले, आमच्या ओळखीतल्या एकाने पितृपंधरवड्याचं जेवण अर्ध्यावर सोडून विमानतळ गाठला. नंतर स्पष्ट झालं की ते त्या तारखेनंतर दाखल होणाऱ्या नवीन पिटिशनसाठी आहे, जेव्हा माणूस देशाबाहेर आहे आणि त्याच्याकडे चालू एच-१बी व्हिसा नाही. आधीच मंजूर पिटिशनवर नुसता स्टॅम्प घ्यायला जाणाऱ्याला नाही, इथल्या इथे एक्स्टेन्शन करणाऱ्याला नाही. पण चेंज ऑफ स्टेटस (अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज) पेंडिंग असताना बाहेर पडलात तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि मग तुम्ही या एक लाखाच्या भानगडीत येऊ शकता. पेंडिंग काहीही असलं तर वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

बायको-मुलांचं एच-४ माझ्यासोबतच होतं का?

प्रत्येकाचा डीएस-१६० वेगळा, फी वेगळी. रीव्हॅलिडेशन त्यांनाही लागू, अटी त्याच. तुमच्या एक्स्टेन्शनसोबत त्यांचंही एक्स्टेन्शन भरलं होतं का ते बघा, कारण बरेच जण इथेच फसतात, स्वतःचं कंपनी भरते आणि बायकोचं राहून जातं.

परत आल्यावर काय बघायचं?

त्याच रात्री सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमेवरच्या खात्याच्या) साइटवर जाऊन आय-९४ ची तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर ऑफिसर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आय-७९७ पुढच्या तीन वर्षांचं असलं तरी. डॅलसच्या एका मित्राचं असंच झालं, त्याला पत्ताच नव्हता, लायसन्स रिन्यू करायला गेला तेव्हा काउंटरवरच्या बाईने सांगितलं की तुमचे सात आठवडे उरलेत. स्टॅम्प चालू होता, जुन्या पासपोर्टावर. वकिलाशी बोलून त्याने घाईघाईत नवीन पासपोर्ट काढला, दोन्ही पासपोर्ट आणि आय-७९७ घेऊन टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोला गेला, चालत पूल ओलांडला, पलीकडे दोन टॅको खाल्ले आणि परत रांगेत उभा राहिला. जमिनीवरून येताना आय-९४ ला आता ३० डॉलर पडतात, तेव्हा ६ होते. नवीन पासपोर्टवर नवीन तारीख मिळाली, आय-७९७ वर मंजूर होती तशी पूर्ण तीन वर्षांची.